मास्टर कुणाच्या कपाटात?

रायगडच्या किनाऱ्यावर गाणी रचणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. हळदीच्या मांडवात धवला म्हणणाऱ्या धवलारणी, नारळी पौर्णिमेला नाचता नाचता नवं कडवं जोडून देणारे कोळीवाड्यातले जुने गडी, आणि आता फोनवर ठेका लावून स्वतःचं गाणं यूट्यूबवर चढवणारी त्यांची नातवंडं. वाण आहे ती वेगळ्याच गोष्टीची. गाणं तयार झाल्यावर त्याचं पुढं काय होतं, पैसा कुठून येतो आणि वाटेत कुठं मुरतो, मालकी कुणाची ठरते, हे नीट बसवून कुणी सांगत नाही. मग दोन-तीन गाणी गाजलेला मुलगा काही वर्षांनी पुन्हा हळदीच्या ऑर्केस्ट्रात दुसऱ्यांची गाणी म्हणताना दिसतो आणि लोक म्हणतात, नशीब. नशिबाचा वाटा असतोच. पण बराचसा वाटा व्यवहाराचा असतो, आणि तो समजून घेता येतो.

समजून घ्यायला मी उदाहरण घेतो ते याच किनाऱ्यानं थोडं दक्षिणेला उतरून, गोव्यातलं. रेमो फर्नांडिस. कारण घरी गाणं भरणं, स्वतः विकणं, कंपनी, सिनेमा, जाहिरात आणि पुन्हा आपलं आपण, हे सगळे टप्पे या एका माणसाच्या कारकिर्दीत उघड्यावर दिसतात. शिवाय जुन्या गाण्यांचा संस्कार घेऊन नवं कसं लिहावं, याचाही तो चांगला धडा आहे.

गोवा आपल्याला परका वाटायचं कारण नाही. रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई. रेवदंडा-चौलवरचा पोर्तुगीजांचा अंमल १७४० मध्ये संपला, तरी कोर्लईतल्या काही ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली आजही चुलीपाशी बोलली जाते. कोळी लग्नांच्या वरातीत क्लॅरिनेट, ट्रम्पेट वाजवणारा ब्रास बँड ऐकलेल्या माणसाला मडगावच्या लग्नातली वाद्यं नवी वाटणार नाहीत.

रेमो यांचा जन्म ८ मे १९५३चा, शिवोलीचे. शिवोली म्हणजे शापोरा नदीकाठचं बार्देशातलं गाव. तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडेच होता. लहानपणी लंडनहून आलेल्या एका नातेवाइकानं बिल हेलीची ‘रॉक अराउंड द क्लॉक’ची तबकडी आणली आणि घरात रॉक अँड रोल शिरलं, पुढं एल्विस, क्लिफ रिचर्ड, बीटल्स. पण त्याच वयात कानावर दुसरंही जुनं पडत होतं: मांडो, दुलपद, कोकणी आणि पोर्तुगीज गाणी. मुंबईत जे. जे.त वास्तुशास्त्र शिकणं, ‘सॅव्हेजेस’ या बँडबरोबर वाजवणं, सत्तरच्या दशकाच्या शेवटी युरोपात आणि उत्तर आफ्रिकेत भटकून वाजवणं, हे सगळं झाल्यावर ते गावी परतले ते हे दोन्ही कान शाबूत ठेवून.

आता ‘जुन्याचा प्रभाव’ म्हणतात तेव्हा नेमकं काय घेतलेलं असतं? जुना फोटो, बेलबॉटम आणि गाण्यावर मुद्दाम घातलेली खरखर एवढ्यावर आजकाल काम भागवतात. ते मला कमी वाटतं. जुन्यातून घेण्यासारखं सगळ्यात आधी म्हणजे लय. मांडो संथ, सहा ठोक्यांचा. त्यानंतर येणारं दुलपद त्याच सहाचं, पण चपळ. आपल्याकडच्या अनेक कोळीगीतांचा झोकाही सहाचाच असतो, म्हणून गोव्याचं दुलपद ऐकताना रायगडच्या माणसाचा पाय आपोआप हलतो. दुसरी गोष्ट स्वरांची रचना. मांडो बहुधा दोन आवाजांत म्हणतात, खालचा आवाज वरच्याच्या बरोबरीनं, ठरावीक अंतर राखून चालतो. रॉक अँड रोलचा पुष्कळसा माल तर तीन कॉर्ड आणि बारा मापांच्या चक्रावर उभा आहे. तिसरी गोष्ट वाद्य. घुमटाचा मडक्यातून येणारा घुमारा किंवा ट्रम्पेटचा ताण ऐकताक्षणी काळ आणि गाव सांगतो. आणि चौथी, ध्वनिमुद्रणाची पद्धत. ही शेवटची गोष्ट बाकीच्यांपेक्षा जास्त समजून घ्यायला हवी, कारण रेमो यांची कारकीर्द खरी सुरू झाली ती तिथंच.

मुंबईच्या कंपन्यांना तेव्हा स्वतःची इंग्रजी गाणी लिहून म्हणणारा भारतीय गायक नको होता. हिंदी सिनेमाची गाणी म्हणा, नाहीतर परदेशी गाण्यांच्या नकला करा, एवढंच बाजाराला कळत होतं. म्हणून १९८४ मध्ये रेमो यांनी ‘गोअन क्रेझी’ हा संच शिवोलीला घरीच भरला. शब्द त्यांचे, चाली त्यांच्या, सगळे आवाज त्यांचे, सगळी वाद्यं त्यांची, ध्वनिमुद्रण आणि मिश्रणही त्यांचंच. यंत्र होतं चार ट्रॅकचा पोर्टास्टुडिओ.

हे यंत्र १९७९ मध्ये जपानच्या टीअॅक कंपनीनं बाजारात आणलं. त्याची युक्ती साधी आहे. कॅसेटची फीत ३.८ मिलिमीटर रुंद. नेहमीच्या कॅसेटवर तिच्या चार आडव्या पट्ट्या होतात: दोन एका बाजूच्या, डाव्या-उजव्या कानाच्या, आणि कॅसेट उलटली की उलट्या दिशेनं वाचल्या जाणाऱ्या दोन. पोर्टास्टुडिओनं चारही पट्ट्या एकाच दिशेनं वापरल्या आणि प्रत्येकीला वेगळं बटण दिलं. म्हणजे पहिल्या पट्टीवर ठेका भरायचा, फीत मागं घ्यायची, तो ऐकत ऐकत दुसऱ्या पट्टीवर बास, मग तिसऱ्यावर गिटार. आवाज स्वच्छ यावा म्हणून पहिल्या पोर्टास्टुडिओत फीत दुप्पट वेगानं पळायची. त्यामुळं साठ मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम पंधरा मिनिटं मावत.

चार पट्ट्यांत चारच आवाज, मग एकटा माणूस अख्खा बँड कसा झाला? त्यासाठी तीन भरलेल्या पट्ट्या एकत्र वाजवून त्यांचं मिश्रण चौथ्या रिकाम्या पट्टीवर उतरवतात, आणि उतरवतानाच चौथं एखादं वाद्य बरोबर वाजवून घेतात. आता चार वाद्यं एका पट्टीत बसली आणि तीन पट्ट्या पुन्हा मोकळ्या. त्यातल्या दोन भरून, तिसरं वाद्य सोबत वाजवत, तिसऱ्या पट्टीवर उतरवा. मग एक भरून, एक सोबत वाजवून, दुसऱ्यावर. शेवटी पहिली पट्टी उरते. चार, तीन, दोन, एक: दहा आवाज, आणि एकही दोनदा उतरवावा लागला नाही.

यात मेख अशी की उतरवलेलं परत सुटं होत नाही. गिटार जरा मोठी राहिली असं आठव्या वाद्याला लक्षात आलं तर उपयोग नाही. मूळ पट्टी पुसून तिच्यावर दुसरं काही भरलेलं असतं. प्रत्येक उतरवणीत फितीची सळसळ वाढते आणि वरचे, टोकदार स्वर बोथट होतात. म्हणून ज्यांचं बोथट होणं कानाला खुपत नाही ते बास आणि ढोल आधी, आणि गळा सगळ्यात शेवटी. हा क्रम एकदा कळला की त्या काळच्या घरगुती गाण्यांचा पोत कळतो: वाद्यं मोजकी, प्रत्येकाचं काम ठरलेलं, आणि गळा अगदी पुढ्यात, शेजारी बसून गायल्यासारखा. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२चा ‘नेब्रास्का’ असाच पोर्टास्टुडिओवर घरी भरलेला आहे. बीटल्सनी १९६७ मध्ये ‘सार्जंट पेपर’ केला तोही चार ट्रॅकच्या यंत्रांवरच, फक्त ती यंत्रं अॅबी रोड स्टुडिओतली मोठी होती आणि शेजारी त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन उभे होते.

आज मोबाइलमधल्या फुकट सॉफ्टवेअरमध्येही चारापेक्षा जास्त ट्रॅक मिळतात, आणि फितीची खरखर एका बटणावर घालता येते. माझं मत विचाराल तर खरखर सोडा, शिस्त घ्या. आठ ट्रॅकांत गाणं उभं राहत नसेल तर ऐंशी ट्रॅकांत ते फक्त झाकलं जातं.

गाणं भरून झालं, आता विकायचं. तबकडीच्या जमान्यात हे एकट्याचं काम नव्हतंच. तबकडी छापायला धातूचा साचा लागे, छापखाना लागे, आणि भारतात तो धंदा मुख्यतः एचएमव्हीच्या हातात. थोड्या प्रती काढून बघू, असं म्हणता येत नसे. कॅसेटनं ही अडचण मोडली. मूळ फितीवरून प्रती काढायला साचा लागत नाही, शंभर काढा नाहीतर पाचशे. याच मोकळीकीतून ऐंशीच्या दशकात देशभर गावोगावची गाणी बाजारात आली, गुलशन कुमार यांची टी-सीरीज उभी राहिली, आणि आपल्याकडं कोळीगीतं, भीमगीतं, देवीची गाणी एसटी स्टँडवरच्या टपऱ्यांत लटकू लागली. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकानं या उलाढालीवर १९९३ मध्ये ‘कॅसेट कल्चर’ हे पुस्तकच लिहिलं.

रेमो यांनी आपल्या कॅसेट स्कूटरवर घालून गोव्यातल्या दुकानांत स्वतः पोचवल्या. हा किस्सा सगळे गंमत म्हणून सांगतात. मला त्यातला हिशोब महत्त्वाचा वाटतो. दुकानदाराचं कमिशन आणि कोऱ्या कॅसेटचा खर्च वजा जाता बाकीचा पैसा एकाच खिशात येत होता. शिवाय कुठल्या गावात कुठलं गाणं मागतात, हे पोचवणाऱ्यालाच कळत होतं. आणि मूळ फीत, म्हणजे मास्टर, शिवोलीच्या घरातल्या कपाटात होती.

पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, त्यांनी काढलं ‘ओल्ड गोअन गोल्ड’: जुनी गोव्याची गाणी, आपल्या पद्धतीनं. ही चाल मला फार शहाणपणाची वाटते. पहिल्या संचानं तरुण ऐकणारे मिळाले होते. दुसऱ्यानं त्यांच्या आई-वडिलांच्या घरात प्रवेश मिळाला, आणि मुंबईत, आखाती देशांत, पोर्तुगालमध्ये पांगलेल्या गोवेकरांनाही हात घालता आला. जुनं गाणं हे नव्या गायकाचं ओळखपत्र असतं. त्याच वर्षी श्याम बेनेगल यांच्या ‘त्रिकाल’मध्ये ते दिसले. मग १९८६ मध्ये अमली पदार्थांविरुद्धचा ‘पॅक दॅट स्मॅक’, १९८७ मध्ये ‘बॉम्बे सिटी’. पूर्व जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या गीतमहोत्सवात बक्षिसं. पंतप्रधानांसमोर त्यांना थेट नावानं हाक मारून गोव्याची गाऱ्हाणी सांगणारं गाणं, ज्यावर अधिकारी खवळले आणि राजीव गांधींनी मात्र दाद दिली. १९९२चा ‘पॉलिटिशियन्स डोन्ट नो टु रॉक अँड रोल’ याच वळणाचा. ताल पन्नासच्या दशकातल्या अमेरिकेचा, विषय कालच्या वर्तमानपत्रातला. त्यांच्या गाण्यांतलं जुनं उबलेलं वाटत नाही त्याचं कारण हे मिश्रण.

नंतर मोठा बाजार आला. ‘जलवा’चं शीर्षकगीत, पेप्सीच्या जाहिरातीत जुही चावलांबरोबर, १९९५ मध्ये मणिरत्नम यांच्या ‘बॉम्बे’च्या हिंदी आवृत्तीतलं ‘हम्मा हम्मा’, १९९६ मध्ये ‘खामोशी’तलं ‘हुईया हो’, १९९८ मध्ये जसपिंदर नरुलांबरोबर ‘प्यार तो होना ही था’. शिवोलीच्या स्कूटरवरून जितके लोक पोचले असतील त्याच्या कितीतरी पट लोकांपर्यंत एका ‘हम्मा’नं आवाज नेला. आणि इथंच कारकिर्दीचं गणित बदलतं, म्हणून इथं जरा हळू जाऊ.

एका गाण्यात किमान तीन वेगळ्या मालमत्ता असतात. पहिली, शब्द आणि चाल: कवीची आणि संगीतकाराची. ही त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं टिकते. दुसरी, ध्वनिमुद्रण, म्हणजे मास्टर: ज्यानं पैसा घालून मुद्रण करवलं त्याचं. हे प्रकाशनापासून साठ वर्षं. तिसरी, गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा आपल्या सादरीकरणावरचा हक्क. हा भारतात १९९४च्या दुरुस्तीनं आला, आता पन्नास वर्षं टिकतो. ‘गोअन क्रेझी’त तिन्ही मालमत्ता एकाच माणसाच्या होत्या. सिनेमातल्या गाण्यात त्याच माणसाच्या वाट्याला फक्त तिसरी येते, आणि तीही तेव्हा कोवळीच होती. शब्द-चाल दुसऱ्यांची, मास्टर निर्मात्याचं किंवा कंपनीचं.

सिनेमातल्या गाण्यांत कवी-संगीतकारांनाही फार सुख नव्हतं. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला होता की करारात वेगळं ठरलं नसेल तर सिनेमासाठी केलेल्या गाण्याचा मालक निर्माता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालात गायकांच्या कोरड्या हातांबद्दल खंतही नोंदवली, पण कायदा तेव्हा तसा नव्हता. बदल यायला २०१२ उजाडलं. त्या वर्षीच्या दुरुस्तीनं कवी आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येऊ नये अशी तरतूद केली. कंपनी मालक झाली तरी चित्रपटगृहाबाहेर गाणं जिथं जिथं वाजेल तिथला वाटा त्यांना द्यावा लागतो. गायकांनाही व्यावसायिक वापरातून रॉयल्टी मिळण्याची सोय त्याच दुरुस्तीत आहे.

‘हम्मा’चंच पाहा. २०१७च्या ‘ओके जानू’साठी ते गाणं नव्या आवाजांत पुन्हा केलं गेलं. कायद्याच्या हिशोबानं अशा पुनर्निर्मितीत चाल करणारे रहमान आणि शब्द लिहिणारे मेहबूब यांचा हक्क चालू राहतो. पण मूळ गायकाचा हक्क हा त्याच्या त्या गायनापुरता असतो. नव्या गळ्यातल्या नव्या मुद्रणावर तो चालत नाही. लोकांच्या मनात गाणं रेमोंचं, कागदावर नव्हे. म्हणून सांगतो, गळा लाखमोलाचा असला तरी वहीत स्वतःची चार गाणी लिहिलेली असावीत. वय झाल्यावर गळा थकतो, वही थकत नाही.

सिनेमा वाईट आणि कॅसेट चांगली, असं मला म्हणायचं नाही. सिनेमानं दिलेली ओळख घेऊन रेमो यांनी १९९८ मध्ये ‘ओ मेरी मुन्नी’ हा हिंदी संच काढला. ओळख दुसऱ्याच्या गाण्यानं मिळवावी, पण वळवून आणावी आपल्या गाण्याकडं. हे न जमल्यामुळं आपल्याकडचे कित्येक सुरेल गळे एका गाण्यापुरते उरले.

आता आपल्या किनाऱ्याचा प्रश्न, जुन्याचाच. अलिबागचा एखादा मुलगा म्हणतो, मी ‘मी डोलकर’ नव्या ढंगात करतो, ते तर आपलं लोकगीतच आहे. नाही. ते शांता शेळके यांनी लिहिलं, हृदयनाथ मंगेशकर यांनी बांधलं, लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांनी गायलं. शांताबाई २००२ मध्ये गेल्या, म्हणजे शब्दांवरचा हक्क २०६२ संपेपर्यंत आहे. गाणं लोकांच्या इतकं अंगवळणी पडलं की कवयित्रीचं नाव गळून पडलं, हा शांताबाईंचा मोठेपणा, पण त्यानं परवाना माफ होत नाही. जुन्या गाण्याची नवी आवृत्ती काढायला कायद्यात वाट आहे: पहिल्या मुद्रणाला पाच वर्षं उलटलेली हवीत, आधी सूचना द्यायची, रॉयल्टी आगाऊ भरायची, तीही वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींच्या हिशोबानं, आणि शब्दचालीत मनमानी फेरफार करायचा नाही. एकट्या मुलाला हे झेपत नाही. त्यापेक्षा हक्क ज्याच्याकडं आहेत त्या प्रकाशन कंपनीकडं सरळ परवाना मागणं सोपं.

धवल्याचं वेगळं. आगरी-कोळी लग्नातली ही विधीची गाणी, पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेली. त्यांचा कवी सापडत नाही आणि ती कुणाच्या मालकीची नाहीत. तुम्ही ती चाल घेऊन स्वतःची मांडणी केली, त्यावर गिटार आणि क्लॅरिनेट लावलं, तर मांडणी आणि मुद्रण तुमचं. मूळ चाल मात्र तुमची होत नाही, शेजारच्या गावातला दुसरा मुलगा तीच घेऊ शकतो. इथं एक नवी आफत आहे. यूट्यूबची आवाज ओळखणारी यंत्रणा, कंटेंट आयडी, जुळणारा आवाज दिसला की आधी नोंदवणाऱ्याचा दावा लावते. एखाद्यानं पारंपरिक गाणं आपल्या नावावर नोंदवून ठेवलं असेल तर दुसऱ्याच्या गाण्याचे पैसे अडकू शकतात. मग वाद घालावा लागतो, आणि वादात उपयोगी पडते ती मूळ फाइल: सुट्या ट्रॅकांसह, तारखेसह जपलेली. शिवोलीचं कपाट आजही लागतंच, फक्त ते आता हार्ड डिस्कमध्ये असतं. दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत. खाऱ्या हवेनं यंत्रं लवकर कुजतात हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको.

आज गाणं बाहेर कसं पडतं? मुद्रण झालं की वितरण करणाऱ्या एखाद्या सेवेकडं ते चढवायचं. ती स्पॉटिफाय, अॅपल, जिओसावन अशा सगळीकडं पोचवते. प्रत्येक मुद्रणाला बारा अक्षर-अंकांची एक ओळख मिळते, आयएसआरसी. हा गाण्याचा सातबारा समजा. जगात कुठंही वाजलं तरी पैसे या नोंदीवर चढतात. पण ही नोंद फक्त मुद्रणाची. शब्द आणि चालीचे पैसे वेगळ्या वाटेनं येतात आणि त्यासाठी आयपीआरएस या संस्थेचं सभासद होऊन आपली गाणी नोंदवावी लागतात. संस्था १९६९ची आहे, नव्या कायद्याखाली तिची नोंदणी २०१७ मध्ये झाली. गाणी गाजूनही नोंदणी न केल्यानं वाटा पडून राहतो, हे फार जणांच्या बाबतीत घडतं.

ऐकण्यामागं ठरावीक भाव मिळतो, असा एक गैरसमज आहे. तसा भाव नसतो. महिन्याभरात जमलेल्या वर्गण्या आणि जाहिरातींच्या पैशातून आपला हिस्सा काढून घेऊन उरलेली रास सगळ्या गाण्यांत त्यांच्या ऐकल्या गेलेल्या वेळांच्या प्रमाणात वाटली जाते. म्हणून तुमचे श्रोते तेवढेच राहिले आणि बाकीच्यांचे वाढले, तर तुमचा वाटा घटतो. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्याला काहीच मिळत नाही. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा सुरू व्हायला हजार सभासद आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं जाणं लागतं, किंवा छोट्या व्हिडिओंचा त्याहून मोठा आकडा. थोडक्यात, बहुतेकांना ऐकण्यातून चहापाणी सुटतं. घर चालतं ते प्रत्यक्ष कार्यक्रमांवर.

आणि इथं रायगडचा किनारा नशीबवान आहे. हळदी, साखरपुडे, जत्रा, पालखी, गोविंदा: वर्षभर मांडव असतात. मांडव्याची रो-रो २०२० मध्ये आणि अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यावर शनिवार-रविवार अलिबागकडं येणारी मुंबई वाढली आहे, आणि तिला हॉटेलांत, रिसॉर्टांत संध्याकाळी गाणं हवं असतं. या दोन्ही ठिकाणी मागणी ओळखीच्या गाण्यांची. मग स्वतःचं कधी म्हणायचं? रेमो यांच्या दुसऱ्या संचातली युक्ती इथं चालते. जुनं ओळखीचं गाणं आधी, लगेच त्याच ठेक्यातलं, त्याच स्वरातलं आपलं. सहाचा झोका सुटू द्यायचा नाही. लोक नाचत राहतात आणि गाणं नवं आहे हे त्यांना दुसऱ्या कडव्याला कळतं. मालकाला आधी सांगून ठेवायचं की दर चार-पाच गाण्यांमागं एक माझं असेल. बहुतेक जण हरकत घेत नाहीत, मागितलं नाही तर मात्र देतही नाहीत.

रेमो यांना २००७ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१३च्या ‘डेव्हिड’मध्ये ‘मारिया पिताशे’ या जुन्या कोकणी गाण्यात त्यांचा आवाज पुन्हा ऐकू आला, २०१५च्या ‘बॉम्बे व्हेल्वेट’मध्ये ते पडद्यावर दिसले, आणि २०२१ मध्ये त्यांचं आत्मचरित्र आलं. आता ते पोर्तुगालमध्ये पोर्तोला राहतात. हा आलेख सरळ वर चढत जाणारा नाही, भरती-ओहोटीचा आहे. दर ओहोटीला उभं राहायला त्यांच्यापाशी स्वतः लिहिलेल्या गाण्यांचा साठा होता.

तुमचा साठा तयार करायचा तर पहिलं गाणं चढवण्याआधी एक पानभर कागद करा. शब्द कुणाचे, चाल कुणाची, मुद्रणाचा खर्च कुणी केला, म्हणून मास्टर कुणाचं, आणि प्रत्येकाचा वाटा किती टक्के. ढोलकीवाल्या मित्राला एकदाच मानधन द्यायचं की कायमचा वाटा, हेही त्यातच. चाल एखाद्या धवलारणीकडून ऐकलेली असेल तर तिचं नाव आणि गाव तिला विचारून घाला, आणि पैसे आले तर तिचा वाटाही ठरवा. कायदा तो मागत नाही, तुम्ही देऊ शकता. सगळ्यांच्या सह्या, तारीख, आणि एकेक प्रत सगळ्यांकडं. भांडण झाल्यावर हा कागद होत नाही, मैत्री आहे तोवरच होतो.